नवरदेवावाचून वरात

आपल्याला थोडीफार फारसी येते असे मानणाऱ्या माणसांची महाराष्ट्रात कधीच वाण पडलेली नाही. दिवाळीच्या दिवसांत तर असा एखादा गृहस्थ फराळाला येतोच येतो. शंकरपाळ्यांची बशी पुढे केली की तो त्यातले एक उचलतो, तोंडात टाकण्याआधी चार मंडळींपुढे नाचवतो आणि म्हणतो, "हा मुळातला शकरपारा, बरे का! शकर म्हणजे साखर आणि पारा म्हणजे तुकडा. अस्सल फारसी!" मग अंगणातल्या मुलांच्या हातातली फुलबाजी निम्मी फारसी ठरते, आतषबाजी सबंध फारसी ठरते, भुईवर फुलणारे अनार म्हणजे डाळिंब हे मुलांना सांगून होते, आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून दरवाजा, पडदा, गालिचा, कागद, शाई, चष्मा अशी साऱ्या घराची जप्ती सुरू होते. शेवटी निकाल बाहेर पडतो: "मराठी माणसाला फारसी निराळी शिकावी लागतच नाही हो! लिपी तेवढी आठ दिवस गिरवली की झाले!"

माझे भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी. आधीचे सगळे शब्द खरेच तिकडून आले आहेत, ते खुशाल मोजावेत. पण भाषा म्हणजे शब्दांची मोजदाद असे समजून जो फारसीच्या दारात उभा राहतो, त्याला ते दार उघडत नाही. आणि वाईट असे की, ते उघडले नाही हेही त्याला कळत नाही. वरातीत ताशे आहेत, गॅसबत्त्या आहेत, आहेराची ताटे आहेत. घोड्यावर नवरदेव तेवढा नाही. तरी लोक नाचत निघालेच आहेत!

हे मी उगाच म्हणत नाही, याची प्रचीती वाचकांना घरबसल्या घेता येईल. एक अगदी सोपे वाक्य देतो. मूळ लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून कागदावर जेवढे दिसते तेवढेच आधी मांडतो: खत, बिरादर, हसन, रसीद. चारच शब्द, आणि चारही आपल्या ओळखीचे! खत म्हणजे शेतातले नव्हे, खरेदीखतातले, म्हणजे लेख किंवा पत्र. बिरादर म्हणजे भाऊ. बिरादरी आपल्याला ठाऊक आहे. हसन हे नाव. आणि रसीद म्हणजे पावती. तेव्हा आमचे शंकरपाळीवाले गृहस्थ क्षणात सांगतील की, 'बंधू हसन यांस पत्राची पावती'. एखाद्या इतिहासप्रेमी मंडळात हे वाचले तर टाळ्याही मिळतील.

आता हेच वाक्य फारसी जाणणारा कसे वाचील? खत-ए-बिरादर-ए-हसन रसीद. 'हसनच्या भावाचे पत्र पोहोचले.' रसीद हे इथे नाम नव्हेच. ते क्रियापद आहे, 'पोहोचला, पोहोचली, पोहोचले'. त्या क्रियापदावरूनच पुढे पावतीला रसीद हे नाव पडले. (आपला 'पावती' शब्द तरी कशावरून आला? 'पावणे' म्हणजे पोहोचणेच! दोन भाषांनी एकच युक्ती केली.) पत्र हसनला आलेले नाही, हसनचेही नाही, ते त्याच्या भावाचे आहे. चारही शब्द येत असून वाक्य साफ चुकले. एकाही शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागला नाही, म्हणूनच चुकले असे मी म्हणेन. कारण कोश उघडला असता तर निदान शंका तरी आली असती!

ज्या दोन 'ए'कारांवर हे सारे वाक्य उभे आहे, ते कागदावर नाहीत. फारसीत त्यांना इजाफत म्हणतात. शब्दांना जोडणारा हा सांधा तोंडात असतो, लेखणीत नसतो. शब्द स्वरान्त असला तर त्याची खूण कागदावर उमटते. एरवी वाचणाऱ्याने तो मनाने घालायचा. आणि मनाने घालायचा म्हणजे वाटेल तिथे नव्हे. वाक्याची घडण ज्याला कळली त्यालाच तो कुठे आहे हे दिसते. त्यातही मराठी माणसाची अडचण अशी की, या सांध्याची दिशा आपल्या उलट आहे. आपण 'माझे पुस्तक' म्हणतो; फारसी 'किताब-ए-मन', म्हणजे 'पुस्तक-चे-मी'. आपण 'मोठे पुस्तक' म्हणतो, फारसी 'किताब-ए-बुजुर्ग'. मालकी असो की गुण असो, सांधा एकच. आधी वस्तू, मागून तिचे वर्णन, त्याच्या मागून वर्णनाचे वर्णन. 'माझ्या भावाचे मोठे पुस्तक' हे फारसीत 'किताब-ए-बुजुर्ग-ए-बिरादर-ए-मन' असे मागे मागे सरकत जाते. शेपटाकडून डोक्याकडे यायचे ही आपली सवय. तिथे डोके आधी आणि शेपूट लांबत जाणारे.

कोहिनूर हिऱ्याचे नाव लहान मुलालाही ठाऊक असते. कोह म्हणजे डोंगर, नूर म्हणजे प्रकाश, मधला 'इ' हा तोच सांधा: प्रकाशाचा डोंगर. पण याच वाचकाला मी विचारतो की शाहजहान म्हणजे काय आणि शाहनामा म्हणजे काय? दोन्हींच्या आरंभी शाह आहे. शाहजहान हा 'जगाचा राजा'. तिथे मूळचा सांधा बोलण्यात गळला, पण क्रम तोच राहिला, डोके आधी. शाहनामा मात्र 'राजांचा ग्रंथ'. तिथे डोके मागे आहे, आपल्या 'राजवाडा'सारखे, कारण तो सरळ समास आहे. शकरपारा, आतषबाजी, जहांगीर म्हणजे जग काबीज करणारा, हे सगळे या दुसऱ्या जातीचे. म्हणजे आमच्या गृहस्थांनी फराळाच्या बशीतून जे उचलले ते नेमके फारसीच्या त्या कोपऱ्यातले, जिथे ती मराठीसारखी वागते! तेवढ्यावरून ती सगळीकडे तशीच वागेल हा तर्क म्हणजे व्याही लग्नात गोड बोलला म्हणून आयुष्यभर गोड बोलेल असे मानण्यासारखा आहे.

आणि हा सांधा आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. आपण 'किल्ले रायगड' म्हणतो, 'मौजे अमुक', 'कसबे पुणे' म्हणतो. किल्ला एकच असताना 'किल्ले' हे अनेकवचन कुठून आले, असा प्रश्न शाळेत एखादा चौकस मुलगा विचारतो आणि गप्प बसवला जातो. माझ्या मते ते अनेकवचन नाहीच. तो फारसीचा सांधाच मराठीच्या गळ्यात अडकून राहिला आहे: किल्ला-ए-रायगड. क्रमही पाहा, आधी किल्ला, मग त्याचे नाव. शब्दाचे मूळ सांगणारे लाख भेटतात, या 'ए'काराकडे बोट दाखवणारा मात्र विरळा.

कोणी म्हणेल, हे सारे व्याकरणाचे कीस पाडणे झाले. एका 'ए'काराने जगाचे काय बिघडते? इतिहास बिघडतो. तेराव्या शतकाच्या आरंभी बंगालवर चालून गेलेल्या सरदाराला आपण 'बख्तियार खलजी' म्हणतो. पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, सगळीकडे. त्याची हकीकत ज्या 'तबकात-इ-नासिरी' ग्रंथात येते, तिथे तो 'मुहम्मद-इ-बख्तियार' आहे. हा सांधा तिथे बापलेकाच्या नात्याचा आहे: बख्तियारचा मुलगा मुहम्मद. म्हणजे स्वारी केली मुलाने आणि नाव झाले बापाचे! गंमत अशी की, खुद्द त्या ग्रंथाचा कर्ता 'मिन्हाज-इ-सिराज' म्हणून ओळखला जातो, म्हणजे सिराजचा मुलगा मिन्हाज. ग्रंथकाराच्या नावातच किल्ली ठेवलेली आहे, तरी कुलूप उघडत नाही. जाणत्यांनी हे केव्हाच दाखवून दिले आहे. पण सांधा न ऐकणाऱ्या कानांवर त्याचा परिणाम होत नाही.

ताजिकिस्तानातली मंडळी फारसीचाच एक अवतार बोलतात, पण ती रशियन वळणाच्या लिपीत लिहितात, आणि त्या लिपीत हा सांधा अक्षराने लिहावाच लागतो. तिथल्या मुलाला जे पाटीवर दिसते ते आपल्या विद्यार्थ्याला कानाने आणि बुद्धीने शोधावे लागते. म्हणून तर ते पहिल्या दिवसापासून शिकवायला हवे. ते शेवटच्या प्रकरणात ढकलून आधी पाचशे शब्द घोकून घेणे म्हणजे मुलाला टाके शिकवण्याआधी पाचशे गुंड्या विकत देण्यासारखे आहे.

आता या गृहस्थांचे जे हाडवैरी, ते भाषाशुद्धीवाले, त्यांचा हिशेब निराळा असेल अशी वाचकांची समजूत असेल. तो अगदी हाच आहे! एक म्हणतो, इतके शब्द फारसी आहेत म्हणून फारसी आपलीच. दुसरा म्हणतो, इतके शब्द फारसी आहेत म्हणून मराठी बाटली. दोघांच्याही हाती शब्दांची मापे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, त्याला राज्यस्थापनेची मोठी गरज होती आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण पुढच्या काळात ज्यांनी 'तारीख' हाकलून 'दिनांक' आणला, त्यांनी एका गोष्टीकडे पाहिले का? 'तो म्हणाला की मी येतो' या वाक्यातला 'की' त्यांच्या लेखणीतून सुखाने उतरतच राहिला. जुन्या मराठी गद्यात अशा ठिकाणी दोन वाक्ये नुसती शेजारी बसत, नाही तर बोलणे आधी येई आणि मागून 'ऐसे म्हणितले' येई. आजही आजीबाई 'मी येतो असं म्हणाला' असेच म्हणतात. क्रियापद उरकून मग 'की' लावायचा आणि त्यामागे सबंध नवे वाक्य जोडायचे, हा प्रघात फारसीच्या 'कि'च्या सहवासाने बळावला असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि मला ते पटते. म्हणजे चोर घरात शिरला म्हणून ज्यांनी आरडाओरडा केला, त्यांनी त्याच्या टोप्या तेवढ्या बाहेर फेकल्या. तो स्वतः माजघरात बसून जेवतो आहे. (मला तो चोर वाटत नाही, पाहुणा वाटतो, पण उपमा त्यांची आहे.)

माधवराव पटवर्धनांचे उदाहरण या बाबतीत मला नेहमी बोलके वाटते. माधव ज्यूलियन या नावाने कविता करणाऱ्या या फारसीच्या प्राध्यापकाने १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला, उमर खय्याम मराठीत आणला, आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक'ही लिहिला. एकाच माणसाच्या हातून कोशही झाला आणि शुद्धीचा पुरस्कारही. पण त्यांना फारसी वाक्य येत होते, हे विसरू नये. वाक्य ज्याला येते त्याने शब्द ठेवावेत की काढावेत याची चर्चा खुशाल करावी. आपण तो कोश कपाटातून काढतो आणि वाक्याची पायरी गाळतो.

फसव्या शब्दांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो विषय गमतीचा असला तरी उथळ आहे. गरीब म्हणजे मुळात परका, वाटसरू. तमाशा म्हणजे पाहणे. शादी म्हणजे आनंद, लग्न नव्हे. आजच्या तेहरानमध्ये 'दमाग' म्हटले तर लोक नाकाला हात लावतील. 'गम खाणे' हा वाक्प्रचार आपण जसाच्या तसा तिकडून घेतला, पण तिथे तो दुःख करण्याचा आहे आणि इथे दम धरण्याचा. शपथ खाणे, हवा खाणे, गोता खाणे हे मात्र तिथेही असेच खातात. इराणी माणूस याशिवाय थंडीही खातो, म्हणजे त्याला पडसे होते, आणि जमीन खातो, म्हणजे तो पडतो.

खरी मौज क्रियापदात आहे. फारसीचे वर्तमानकाळी रूप घ्या: मी-रवम, मी-रवी, मी-रवद. मराठी विद्यार्थ्याला प्रत्येक वाक्यात 'मी' दिसतो आणि त्याला वाटते, हा माणूस सारखा स्वतःविषयीच बोलतो आहे! या 'मी'चा आपल्याशी काही संबंध नाही. जुन्या उच्चारात तो 'मे' होता. तो चालू क्रियेची खूण आहे, इतकेच. 'मी-रवम' म्हणजे मी जातो, पण 'मी-रवी' म्हणजे तू जातोस आणि 'मी-रवद' म्हणजे तो जातो, किंवा ती जाते. कर्ता डोक्याशी नाही, शेपटात आहे: 'म' मी, 'ई' तू, 'द' तो अथवा ती. म्हणून फारसी वाक्य वाचताना नजर आधी शेवटी गेली पाहिजे, क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरावर. तिथे कोण बसला आहे ते पाहून मग मागे यायचे. सवय झाली की 'दीदमश' हा एक शब्द म्हणजे सबंध वाक्य आहे हे लख्ख दिसते: दीद, पाहिले, म, मी, श, त्याला किंवा तिला.

भूतकाळात आपली मराठी खोड आणखी आड येते. आपण म्हणतो, 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी लाडू खाल्ले'. खाणारा मी, पण क्रियापद आंब्याच्या, पोळीच्या, लाडवांच्या तालावर नाचते. फारसीत खाणारा मी असलो तर प्रत्येक वेळी 'खुर्दम'. आंबा असो, पोळी असो, शंभर लाडू असोत, क्रियापद माझेच राहते. या बाबतीत फारसी पूर्वी आपल्यासारखी होती. बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी जो लेख कोरवला, त्यात 'मी केले' यासाठी 'मना कर्तम्' अशी रचना आहे. संस्कृताच्या 'मया कृतम्'ची बहीण शोभावी अशी. मराठी त्या जुन्या वाटेवर टिकून राहिली, फारसी ती सोडून गेली. तेव्हा 'दोन्ही आर्य भाषा, सगळे सारखेच' असे सांगणाऱ्या विद्वानांनाही माझा दुरून नमस्कार! बहिणी खऱ्या, पण एक माहेरी राहिली आणि एक सासरी गेली. स्वयंपाक आता सारखा होत नाही.

'मला जायचे आहे' हे वाक्य घ्या. विद्यार्थी कोशातून 'मला', 'जाणे', 'असणे' काढतो आणि एकापुढे एक मांडतो. फारसी म्हणते: मी-ख्वाहम बिरवम. 'इच्छितो मी, जावे मी.' दोन्ही क्रियापदांना आपापले शेपूट. 'तू जावेस अशी माझी इच्छा आहे' असे म्हणायचे तर फक्त दुसरे शेपूट बदलते: मी-ख्वाहम बिरवी. हे एका अक्षराचे काम आहे. ते अक्षर चुकले तर जाणारा माणूसच बदलतो.

आणि तो 'रा'. हा मराठी विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा वैरी, कारण तो मित्राच्या वेषात येतो. 'रा' म्हणजे आपला 'ला', असे पहिल्याच तासाला कोणीतरी सांगून ठेवते. 'हसन रा दीदम', हसनला पाहिले; जुळले! पण 'किताब ख्वांदम' आणि 'किताब रा ख्वांदम' यांतला फरक? आपण 'पुस्तकाला वाचले' म्हणत नाही. फारसीत पहिल्याचा अर्थ पुस्तक वाचले, कोणते का असेना. दुसऱ्याचा अर्थ ते, बोलण्यात आलेले, ठराविक पुस्तक वाचले. मराठी 'ला' माणूस की वस्तू हे पाहतो. फारसी 'रा' ओळखीचे की अनोळखी हे पाहतो. उलट 'हसनला पुस्तक दिले' यात आपल्या 'ला'च्या जागी आजची फारसी 'रा' घालत नाही. तो पुस्तकाला लागतो आणि हसनच्या आधी 'ब' येतो: किताब रा ब हसन दादम.

इथे एक पेच आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. जुन्या फारसीत हा 'रा' आपल्या 'ला'च्या बराच जवळ होता. 'ऊ रा पिसरी बूद', म्हणजे शब्दशः 'त्याला एक मुलगा होता'. अगदी आपल्या बोलण्यासारखे. आजचा इराणी तेच 'ऊ पिसरी दाश्त' असे म्हणेल, त्याने मुलगा बाळगला होता अशा थाटात. म्हणजे आपल्या दप्तरांतली जुनी फारसी वाचायची असेल तर एक 'रा', आजचे तेहरानी वर्तमानपत्र वाचायचे असेल तर दुसरा. उच्चारांचेही तेच. आपण सिंहाला शेर आणि दुधाला शीर म्हणतो, शीरखुर्म्यातला. तेहरानमध्ये दोन्ही शीर झाले. भारतातल्या मुनशींनी जुना भेद जपला. (या लेखात मीही आपल्याकडचेच उच्चार ठेवले आहेत.) हा फरक समजावून सांगणारे एक साधे पुस्तक मराठीत सहज हाती लागू नये, आणि 'मराठीतील फारसी शब्द' अशा याद्या मात्र दरसाल कुठे ना कुठे छापून याव्यात, याला काय म्हणावे?

जुन्या पद्धतीला नावे ठेवण्याची आज फॅशन आहे. मी ती ठेवणार नाही. मदरशांतून 'आमदनामा' घोकून घेत: आमद, आमदंद, आमदी, आमदीद, आमदम, आमदीम. क्रम अरबी व्याकरणाचा, म्हणून 'तो' आधी आणि 'मी' शेवटी. हातात छडी, आणि समजावून सांगण्याचे नाव नाही. तरी त्या छडीने शेपटे पक्की होत. मग सादीचे 'गुलिस्तान' समोर आले की पोराला निदान कोण आला आणि कोण गेला हे कळे. विल्यम जोन्सने १७७१ साली इंग्रजांसाठी फारसीचे व्याकरण लिहिले, तेही कंपनीच्या नोकरांना पत्रे समजावीत या रोकड्या हेतूने. कंपनीच्या कचेऱ्यांतून १८३७ च्या कायद्याने फारसी उठली, आणि तिच्याबरोबर आपल्याकडची वाक्य वाचण्याची गरजही उठली. उरले ते शब्दांचे कौतुक.

परिणाम काय झाला? आपण इंग्रजी भाषांतरांवर विसंबलो. एलियट आणि डाउसन यांचे आठ खंड १८६७ ते १८७७ या काळात निघाले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्यांवरून मध्ययुगाचा इतिहास सांगितला. त्या खंडांतली वाक्ये, नावे, स्थळे तपासायला बसले ते जुनागढच्या कॉलेजात शिकवणारे शाहपुरशाह होरमसजी होडीवाला. १९३९ साली त्यांच्या दुरुस्त्यांचा पहिला जाडजूड ग्रंथ मुंबईहून निघाला, दुसरा १९५७ साली. दुरुस्त्यांनीच दोन ग्रंथ भरावेत! आपल्याकडेही ग. ह. खऱ्यांनी 'ऐतिहासिक फारसी साहित्या'चे खंड सिद्ध केले, सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली. ही माणसे शब्दांची वरात घेऊन निघालेली नव्हती. त्यांनी वाक्य वाचले. मोगल दरबारच्या अखबारांत 'बअर्ज रसीद कि' असे येते, 'अर्जास पोहोचले की'. कोणी सांगितले ते त्यात नाही. कर्ता मुद्दाम झाकलेला आहे. अशा जागी भाषांतरकाराने आपल्या पदरचा कर्ता घातला की एका माणसावर चहाडीचा आळ येतो, आणि तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला खुलासा करायला येता येत नाही.

हल्ली यावर एक नवे उत्तर मिळते: आता यंत्रे भाषांतर करतात, कशाला डोकेफोड? यंत्रांशी माझे वैर नाही. पण फारसीत लिंग नाही. 'ऊ आमद' म्हणजे तो आला, ती आली, ते आले, काहीही. मराठीला निवड करावीच लागते, आणि यंत्र ती अंदाजाने करते. वैद्य म्हटला की 'तो', दाई म्हटली की 'ती'. पत्रातला वारस मुलगा की मुलगी हा प्रश्न एखाद्या घराण्याच्या कज्ज्यात निर्णायक असू शकतो. आणि यंत्राचा अंदाज चुकला की बरोबर आला हे ओळखायला वाक्य येणाराच कोणी लागतो. गाफ आणि लाम ही दोन अक्षरे कागदावर असली तर ती गुल म्हणजे फूलही होतात आणि गिल म्हणजे चिखलही. मीम, रे, दाल ही तीन अक्षरे मर्द म्हणजे पुरुषही होतात आणि मुर्द म्हणजे मेलाही. कोणते घ्यायचे हे शब्द सांगत नाही. वाक्य सांगते.

'बरे, मग शिकायचे कसे?' असे मला विचारणाऱ्यांना मी कोणत्याही परदेशी पुस्तकाचे नाव सांगत नाही. आदिलशाही-निजामशाहीच्या काळातले कित्येक कागद द्विभाषी आहेत: एकाच कागदावर फारसी मजकूर आणि मोडी अक्षरांत मराठी मजकूर. दोन्ही शब्दशः जुळत नाहीत, पण गोष्ट तीच सांगतात. यांतले सोपे सोपे पन्नास कागद निवडून, फारसीचे सांधे देवनागरीत उघडे करून, शेजारी मराठी ठेवून छापले, तर जगातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला नसेल असे क्रमिक पुस्तक मराठी मुलाला मिळेल. त्याला मोठा निधी नको, समिती तर नकोच. मोडी वाचणारा एक, फारसी वाचणारा एक, आणि दोघांना शेजारी बसवणारा प्रकाशक एक, एवढे पुरे. मुलाने आधी खालचे मराठी क्रियापद शोधावे, मग वरचे फारसी. कुठे खाली 'पावले' असेल आणि त्याच्या बरोबर वर 'रसीद' असेल.